सदतिसावा महिना

ऑगस्ट २०२५ मधला रविवार. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातले आप्पा भेटले. हातात प्लॅस्टिकची फाइल होती. म्हणाले, "दादा, जरा वर येता का? पोरीचा करार वाचून सांगा. पुढच्या महिन्यात पगार बंद होतोय म्हणते, आणि प्रबंध तर अजून लिहायचाय."

मी विद्यापीठांच्या संशोधन-हिशेबाच्या टेबलावर सव्वीस वर्षं काढली. परदेशी अनुदानांच्या फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. ही मुलगी माझ्या डोळ्यांदेखत वाढली, मला काका म्हणते. तीन वर्षांपूर्वी तिची जर्मनीत पीएचडीसाठी निवड झाली तेव्हा मी पेढे खाल्ले, आशीर्वाद दिला आणि करार बघायला मागितला नाही. त्याची टोचणी अजून आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. मुलीचं आणि दोन्ही संस्थांचं नाव देत नाही.

तिचं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात. विषय निवडला तो अगदी आपल्या परिसराचा. बडोद्यापासून अंकलेश्वर, वापीपर्यंत रसायनं आणि रंगांच्या कारखान्यांचा पट्टा आहे. तिथल्या सांडपाण्यात अझो रंग असतात. दोन नायट्रोजन अणूंमधला दुहेरी बंध ही त्यांची ओळख, आणि तो सहजासहजी तुटत नाही. काही जिवाणू मात्र प्राणवायू कमी असताना तो बंध तोडतात. पाण्याचा रंग जातो, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन्स उरतात आणि त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. त्यांचा निकाल लावायला पुन्हा भरपूर प्राणवायूचा दुसरा टप्पा लागतो. हे दोन्ही टप्पे एकाच टाकीत, एकाच जिवाणू-समूहाकडून करून घेता येतील का, हा तिचा प्रश्न होता. कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातल्या गाळात वर्षानुवर्षं रंग पचवत राहिलेले जिवाणू तिला हवे होते, आणि ते इथेच मिळणार होते. जर्मनीतल्या प्रयोगशाळेनं तिला निवडलं त्याचं एक कारण हेच.

पैसा युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी योजनेतला. त्यातल्या डॉक्टरल नेटवर्क प्रकारात किमान तीन वेगवेगळ्या देशांतल्या तीन संस्था एकत्र येतात आणि जगभरातून पीएचडीचे उमेदवार नेमतात. राष्ट्रीयत्वाची अट नाही, अट आहे ती स्थलांतराची. नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत उमेदवारानं यजमान देशात १२ महिन्यांहून जास्त काळ काढलेला नसावा. हिनं तोवर मुंबईपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती रुजू झाली. शिष्यवृत्तीधारक म्हणून नव्हे, रीतसर नोकरदार म्हणून, आरोग्यविमा आणि निवृत्तिवेतनाच्या कपातीसकट.

आकडे आप्पांना मी कागदावर मांडून दाखवले. निर्वाहभत्ता महिन्याला ३,४०० युरो, स्थलांतरभत्ता ६००. संशोधन आणि प्रशिक्षणासाठी संस्थेला महिन्याला १,६००, व्यवस्थापन आणि अप्रत्यक्ष खर्चासाठी १,२००. बेरीज ६,८००. गुणिले ३६. देशागणिक लागणारा गुणक बाजूला ठेवला तर एका उमेदवारामागे २,४४,८०० युरो. आप्पा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि सदतिसाव्या महिन्याला?"

शून्य. मुख्य करारात नाही, भागीदारांच्या आपसातल्या करारात नाही आणि तिच्या नेमणूकपत्रातही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण वाड्यात आणि नातेवाइकांत तो पसरला होता. ३,४०० म्हणजे हातात पडणारा पगार नव्हे. ती संस्थेला मिळणारी रक्कम. त्यातून मालकाच्या वाट्याच्या सामाजिक विम्याचे पैसे जातात, मग तिचा कर, मग तिच्या वाट्याचा विमा. "महिन्याला तीन-साडेतीन लाख कमावते, साठवले नाहीत का?" असं विचारणाऱ्यांना हे सांगून सांगून वहिनींचा घसा बसला होता. घरभाडं जाऊन मुलीनं जे साठवलं ते धाकट्या भावाच्या फीमध्ये गेलं होतं. तेही कुणाला माहीत नव्हतं.

आता भारतातला भागीदार. गुजरातमधली एक संस्था या नेटवर्कमध्ये "सहयोगी भागीदार" म्हणून होती. या दोन शब्दांचा अर्थ आपल्याकडे फार थोड्यांना कळतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांतल्या संस्थांना या योजनेतून आपोआप पैसा मिळू शकतो, पण भारत, चीन, ब्राझील यांसारखे मोठे देश त्या यादीत नाहीत. भारतीय संस्था सामील होऊ शकते, उमेदवाराला काही महिने ठेवून घेऊ शकते, तिचा प्राध्यापक सहमार्गदर्शक होऊ शकतो, पण खर्चाचा दावा तिला स्वतः करता येत नाही. जे काही मिळायचं ते युरोपीय यजमानाकडून, आपसातल्या करारात लिहिलं असेल तरच.

सुरुवातीला बेत मोठा होता, संयुक्त पदवीचा. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मे २०२२ मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या सहकार्याचे नवे नियम काढले. संयुक्त पीएचडीसाठी दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र आणि प्रबंध एकच. मात्र वेगळ्या परवानगीशिवाय असं करायचं तर भारतीय संस्थेला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीच्या विद्यापीठ-यादीत पहिल्या शंभरात जागा, नाहीतर सरकारनं दिलेला इन्स्टिट्यूट ऑफ एमिनन्सचा दर्जा हवा. हे जमेना तेव्हा बेत सोडला गेला आणि उरला तो सेकंडमेंट, म्हणजे भागीदार संस्थेत काही महिने जाऊन काम करणं. योजनेत अशा कामाला एकूण काळाच्या एक-तृतीयांशापर्यंत मुभा असते. तिच्या वाट्याला बडोद्यातले चार महिने आले, नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२४.

ते चार महिने मला चांगले आठवतात. मुलगी घरी होती, वहिनी खूश होत्या, रविवारी सगळे सेव-उसळ खायला बाहेर. आणि दर संध्याकाळी ती उतरलेल्या चेहऱ्यानं जिना चढून वर यायची. प्रयोगशाळेत बसायला टेबल होतं, पण जिवाणू वाढवायची माध्यमं, रसायनं, ऑक्सिजनविरहित बाटल्या यांचा खर्च कुणी करायचा ते ठरलेलंच नव्हतं. जर्मनीहून पैसे पाठवायची तयारी होती. इथे ते कोणत्या खात्यात घ्यायचे यावर फाइल फिरत राहिली. असली फाइल फिरते कशी ते मला माहीत आहे. कुणी वाईट नसतं, प्रत्येक टेबलाला फक्त आपल्यावर जबाबदारी यायला नको असते. शेवटी मुलीनं पहिला महिना स्वतःच्या पैशानं सामान आणलं.

तरीही काम झालं, आणि फार चांगलं झालं. गाळातून तिनं चार स्ट्रेन, म्हणजे जिवाणूंचे वाण, वेगळे केले. त्यांतल्या दोघांची जोडी तिला हवी होती तशीच निघाली. एक रंग तोडणारा, दुसरा उरलेली अमाइन्स खाणारा. आता ते जर्मनीला नेऊन त्यांचा जनुकक्रम वाचायचा, छोट्या टाकीत त्यांना एकत्र वाढवायचं. जानेवारीत तिनं सहज विचारलं, "हे पाठवायला कागद काय लागतात?" आणि प्रकरणाला खरं वळण तिथे लागलं.

जैविक विविधता कायदा, २००२. या कायद्यात जैविक संसाधन म्हणजे फक्त वाघ आणि हळद नव्हे, सूक्ष्मजीवही त्यात येतात. परदेशी व्यक्तीला भारतातलं जैविक संसाधन संशोधनासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. त्याच कलम ३ मध्ये परदेशी नागरिकांच्या जोडीला आणखी एक वर्ग आहे, आयकर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अनिवासी असलेले भारतीय नागरिक. मुलगी त्या वर्षी आयकराच्या दृष्टीनं अनिवासी होती. मला तिचा त्या रात्रीचा प्रश्न विसरता येत नाही: "काका, माझ्याच गावचा चिखल, आणि त्याला मी परकी?"

कायद्यामागचं कारण योग्य आहे, हे मी तिला तेव्हाही सांगितलं. हळद आणि बासमतीच्या पेटंटांवर आपल्याला परदेशात भांडावं लागलं होतं. त्या अनुभवातून शहाणं झालेल्या देशानं हे कुंपण घातलं आहे आणि मला ते हवंच आहे. शिवाय कुंपणात फाटकही आहे. कलम ५ प्रमाणे दोन देशांतल्या संस्थांचा सहयोगी संशोधन प्रकल्प केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत असेल आणि त्याला सरकारची मान्यता असेल, तर ही पूर्वपरवानगी लागत नाही. ती तत्त्वं २००६ पासून उपलब्ध आहेत. २०२२ मध्ये सहीच्या वेळी कुणीतरी ती मान्यता मागायला हवी होती. जर्मन बाजूला वाटलं, भारतीय भागीदार बघेल. भारतीय बाजूला वाटलं, आपल्याला पैसाच मिळत नाही, म्हणजे प्रकल्प त्यांचा, ते बघतील. ज्या भागीदाराला पैसा नाही त्याला जबाबदारीही वाटत नाही, हे मी आयुष्यभर बघत आलो. त्यात त्याचा फार दोष आहे असंही मला वाटत नाही.

मग अर्ज केला. तेव्हाच्या नियमांप्रमाणे अशा अर्जावर शक्यतो सहा महिन्यांत निर्णय द्यायचा असे. एक जोडपत्र आमच्याच बाजूनं राहिलं होतं म्हणून खुलासा करावा लागला. सगळं धरून सात महिने लागले. विलंबाचा ठपका प्राधिकरणावर ठेवता येत नाही, अर्जच सव्वा वर्ष उशिरा गेला होता. त्या काळात ती हात बांधून बसली नाही. ब्राउनश्वाइगच्या डीएसएमझेड या जिवाणू-संग्रहालयातून तिनं दुसरे स्ट्रेन मागवले, टाकीची रचना त्यांच्यावर बसवून घेतली. त्यातून प्रबंधाचं एक प्रकरण झालं. पण प्रबंधाचा जीव बडोद्याच्या जोडीत होता. ती जोडी सप्टेंबर २०२४ मध्ये पोचली. पगाराचे महिने तेव्हा उरले होते तेरा.

जिवाणूंना तेरा महिन्यांत काय जमतं आणि काय नाही, हे हिशेबाच्या टेबलावर बसून कळत नाही. तिनं मला समजावलं. टाकी स्थिर व्हायला दोन-तीन महिने. एकदा बिघडली की पुन्हा पहिल्यापासून. आणि प्रत्येक निष्कर्ष तीनदा करून बघायचा. जुलै २०२५ मध्ये शेवटची टाकी बंद झाली. प्रबंधाची पाच प्रकरणं ठरली होती, लिहून झाली होती दोन.

करार संपला की पगार संपतो एवढंच मी धरून चाललो होतो. जर्मनीत त्याच्यामागे दोन गोष्टी साखळीसारख्या ओढल्या जातात. पहिली निवास परवाना. संशोधक म्हणून मिळालेला परवाना त्या कामाशी बांधलेला असतो. काम संपलं की अभ्यासासाठीचा दुसरा परवाना मागायचा, आणि त्यासाठी स्वतःच्या निर्वाहाची तरतूद दाखवायची. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४. ती बंद खात्यात आधी भरायची आणि महिन्याच्या हप्त्यानं काढायची. दुसरी गोष्ट आरोग्यविमा. नोकरीत निम्मा हप्ता मालक भरतो. विद्यावेतनावर किंवा घरच्या पैशावर असलं की सगळा आपला.

मुलीनं आपल्या विद्यापीठाकडे प्रबंध पूर्ण करण्यासाठीचं छोटं विद्यावेतन मागितलं होतं. ते मिळण्याची शक्यता चांगली होती, पण निर्णय डिसेंबरमध्ये, आणि परवान्याची तारीख त्याआधी. आप्पांनी फाइल का उघडली ते आता मला कळलं. बारा लाखांहून थोडे जास्त रुपये उभे करायचे होते. बँकेत ठेव होती, ती वाड्याच्या दुरुस्तीसाठी. या वाड्याची मागची भिंत पावसाळ्यात किती ओली होते ते मी रोज बघतो.

वहिनींनी त्या दिवशी एक प्रश्न विचारला, आणि तो मी टाळणार नाही. मुलीला नेट-जेआरएफ, म्हणजे इथली संशोधन-शिष्यवृत्ती, मिळाली होती, ती सोडून ती गेली. "इथंच राहिली असती तर बरं झालं नसतं का?" जेआरएफमध्ये पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, आणि मुदत एकूण पाच वर्षं. रक्कम कितीतरी लहान, पण मुदत प्रबंधाच्या मापाची. यूजीसीच्या नियमात पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. जर्मनीतही तीन वर्षांहून जास्त लागणं हे नेहमीचंच. म्हणजे सात महिने वाया गेले नसते तरी छत्तीस महिने तिला जेमतेमच पुरले असते. मी वहिनींना म्हटलं, जे उपकरण तिनं तिथे वापरलं ते इथे मिळालं नसतं, आणि जो गाळ इथे मिळाला तो तिथे नव्हता. काम दोन देशांचंच होतं. चुकलं ते मोजमाप.

पैशाची मुदत आणि प्रबंधाची मुदत यांचं हे न जुळणं बडोद्याला नवं नाही. या विषयावर आपल्या शहराइतका जुना अनुभव फार थोड्या गावांपाशी असेल. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकरांनी याच शहरात संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिक्षण, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. हा करार मी हिशेबनिसाच्या नजरेनं पुष्कळदा वाचल्यासारखा मनात घोळवला आहे. महाराजांच्या औदार्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. तरीही करार म्हणून बघितलं तर त्यात दोन जागा रिकाम्या राहिल्या.

पहिली, काम मुदतीत संपलं नाही तर काय. १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले, तिथे अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू केला, आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं तो अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडन विद्यापीठानं चार वर्षांच्या आत परत येऊन काम पुरं करण्याची मुभा दिली होती, म्हणून तो धागा तुटला नाही. १९२० मध्ये ते गेले ते स्वतःची बचत, मित्राचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. कोलंबियाची पीएचडी तर प्रबंध छापून दाखल केल्याशिवाय मिळत नसे. प्रबंध १९२५ मध्ये छापून निघाला, पदवी १९२७ मध्ये हाती आली. शिष्यवृत्ती संपल्याला तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. त्या छापील ग्रंथाची अर्पणपत्रिका सयाजीरावांना आहे.

दुसरी रिकामी जागा मनाला जास्त लागते. करारात परतल्यावरची नोकरी लिहिली होती, राहायचं घर लिहिलं नव्हतं. सप्टेंबर १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला आलेल्या या विद्वानाला अस्पृश्य म्हणून या शहरात कुणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं गेलं, आणि कमाटीबागेतल्या झाडाखाली ते बसून राहिले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. तिथे मी दर वर्षी जातो. आमच्या मुलीच्या अडचणीची तुलना त्या अपमानाशी होऊच शकत नाही, आणि मी ती करत नाही. पण संस्था माणसाला दूर पाठवते तेव्हा वाटेतल्या आणि परतीच्या महिन्यांचा विचार कुणी करायचा, हा प्रश्न तिथे बसलं की दर वेळी मनात येतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात. ठेव मोडली. ११,९०४ युरो बंद खात्यात गेले, परवाना मिळाला. डिसेंबरमध्ये विद्यावेतन मंजूर झालं, जानेवारी ते मार्च असं तीन महिन्यांचं. मार्च २०२६ मध्ये तिनं प्रबंध सादर केला. बंद खात्यात उरलेले पैसे आप्पांकडे परत यायचे आहेत. भिंतीचं काम या पावसाळ्याआधी होणार नाही.

दरम्यान त्याच दोन संस्थांमध्ये नवा करार व्हायचा आहे. दुसऱ्या एका मुलाला पाठवायचं आहे, विषय चर्मोद्योगाच्या सांडपाण्याचा. मुलीच्या इथल्या सहमार्गदर्शक बाईंनी मला बोलावून मसुदा समोर ठेवला. म्हणाल्या, "तुम्ही हे हिशेबाच्या बाजूनं वाचा." मी दोन संध्याकाळी बसलो. इतर भागीदारीही पाहिल्या. नेदरलँड्सच्या वागेनिंगेन विद्यापीठात सँडविच पीएचडीची पद्धत आहे. विद्यार्थी सुरुवातीचे महिने तिथे काढतो, मधलं काम आपल्या देशात करतो आणि लेखनासाठी शेवटी पुन्हा तिथे जातो. तिथे पैशाचा आराखडा प्रबंधाच्या आकाराप्रमाणे कापला जातो, लेखनाचा काळ त्यात धरलेला असतो. फ्रान्सनं १९९४ मध्ये दोन विद्यापीठांच्या संयुक्त मार्गदर्शनाची चौकट आखली. तिच्यात प्रत्येक विद्यार्थ्यासाठी दोन्ही विद्यापीठांमध्ये स्वतंत्र करार होतो. संस्था-संस्थांचा एक मोठा सामंजस्य करार करून भागत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं, कारण मोठ्या करारात मुलाचं नावही नसतं.

मसुद्यात मी तीन ओळी घातल्या. पहिली: नमुने देशाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या मान्यतेचा अर्ज उमेदवार रुजू होण्याआधी भारतीय भागीदार करील, आणि अर्जाची प्रत कराराला जोडलेली असेल. दुसरी: सेकंडमेंटच्या काळात लागणाऱ्या साहित्याची रक्कम महिन्याच्या १,६०० युरोंतून यजमान संस्था आगाऊ देईल, आणि ती ज्या खात्यात जमा होईल त्याचा क्रमांक सहीच्या दिवशी करारात लिहिलेला असेल. तिसरी: भागीदारांमुळे काम लांबलं तर तेवढ्या महिन्यांचा निर्वाह, आणि काहीही झालं तरी लेखनाचे किमान चार महिने, दोन्ही संस्था निम्मे-निम्मे उचलतील. भारतीय संस्थेचा वाटा रुपयांत, मुलगा इथे बसून लिहील त्या महिन्यांचा.

तिसऱ्या ओळीवरून इथल्याच बैठकीत वाद झाला. "आपल्याला एक पैसा मिळत नाही आणि वर आपण द्यायचे?" मी म्हटलं, हो. आपण काही दिलं की आपण सहयोगी राहत नाही, भागीदार होतो. मग अर्ज वेळेवर जातो. बाईंनी माझी बाजू घेतली. मुलगी त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर होती. तिनं महिनावार तक्ता दाखवला, कोणता महिना कशात गेला त्याचा. बैठकीत नंतर फारसं कुणी बोललं नाही.

जर्मनीहून उत्तर आलं आहे. पहिल्या दोन ओळी त्यांनी जशाच्या तशा ठेवल्या. तिसरीत चार महिन्यांच्या जागी दोन लिहून पाठवले आहेत. मी पुन्हा चार केले आणि मसुदा परत पाठवला.